लक्ष्मीबाई टिळक : आपल्या पायांनी चाललेली वाट

सुरतेहून भुसावळकडे जाणारी ताप्तीकाठची गाडी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही स्टेशने आमच्या खानदेशी कुटुंबांतील लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. कारण सणासुदीस गावी जाण्याचा आणि पुन्हा सुरतेस येऊन मागावर उभे राहण्याचा त्यांचा मार्ग हाच. अमळनेर मागे पडले, की धरणगाव लागते. गाडी तेथे थोडाच वेळ थांबते. परंतु मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने त्या पाटीकडे एकदा तरी आदराने पाहावे. कारण ज्यांना सारा महाराष्ट्र बालकवी म्हणून ओळखतो, त्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी याच गावी झाला. १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी त्यास ‘बालकवी’ ही पदवी दिली. त्या संमेलनास रेव्हरंड नारायण वामन टिळक उपस्थित होते. त्यांनी या मुलास अहमदनगरास आपल्या घरी नेले. घर ख्रिस्ती, मुलगा ब्राह्मणाचा. तथापि त्या घरात ठोमरे लेकरासारखे वाढले, रुसले, रागावले, पुन्हा परतले, आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्यांना कोणी धर्म बदलण्याची सक्ती केली नाही. त्यांच्या पानावर वाढणारी, त्यांचे हट्ट पुरविणारी आणि प्रसंगी त्यांना रागे भरणारी त्या घरची माउली म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. आज आम्ही लिहिणार आहोत ते त्यांच्याविषयी.

एका प्रॉटेस्टंट बाईचे चरित्र कॅथॉलिक घरांत जाणाऱ्या या साप्ताहिकात कशासाठी, असे कोणी विचारील. विचारणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांच्यापासून १५१७ साली जो प्रवाह वेगळा झाला, त्याच्या पुढे अनेक शाखा झाल्या. ल्यूथरपंथी मिशनरी १७०६ साली दक्षिणेत तरंगमपाडीस उतरले. आमच्या सुरतेत १८१५ साली लंडन मिशनचे लोक आले आणि पुढे त्यांचे काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनने चालविले. महाराष्ट्रात १८१३ पासून अमेरिकन मिशनने मुंबईस आणि १८३१ पासून नगरास ठाण मांडले. टिळकांचे घराणे या शेवटच्या, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. १९७० साली सुरतेची प्रेस्बिटेरियन मंडळी व नगरची ही मंडळी, दोन्ही उत्तर भारताच्या एकत्रित ख्रिस्तसभेत सामील झाल्या. आणि १९९९ साली ऑग्सबर्ग येथे कॅथॉलिक ख्रिस्तसभेने व ल्यूथरपंथीयांच्या जागतिक संघाने, मनुष्य देवाच्या कृपेने नीतिमान ठरतो या मुद्द्यावर संयुक्त जाहीरनाम्यास सह्या केल्या. चारशे वर्षांहून अधिक काळ ज्यावरून वाद पेटला होता तो मुद्दा तोच. मतभेद संपले असे आम्ही म्हणत नाही. परंतु शेजारच्या घरात दिवा लागला असता आपण डोळे मिटून घ्यावे, असे ते दिवस आता उरलेले नाहीत. आणि दुसरे असे, की लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील मुख्य पेच आमच्या धर्मग्रामातल्या कित्येक घरांत आजही उभा राहतो. नवऱ्याने एक श्रद्धा धरली आणि बायको दुसऱ्या श्रद्धेत राहिली, तर त्या दोघांनी काय करावे?

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळ गोदावरीकाठी जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांस सरकारने फाशी दिले होते. त्या आघातापासून त्यांच्या वडिलांनी सोवळ्याचा जो ध्यास घेतला, तो मरेपर्यंत सुटला नाही. कोणाचा स्पर्श झाला असेल, कोणाची सावली पडली असेल, या भीतीने घरात येणारी प्रत्येक वस्तू पाण्यातून काढावी लागे. धान्य धुतले जाई हे समजण्यासारखे आहे. पण मीठ आणि साखरही धुतल्यावाचून घरात घेता येत नसे! मीठ धुतले म्हणजे काय उरत असेल, ते आमच्या गृहिणींनीच सांगावे. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सारे हसत हसत लिहिले आहे. परंतु त्या हसण्यामागे एका आईचे रात्रंदिवस पाणी ओढणे आहे, आणि सतत धाकात वाढलेल्या मुली आहेत. ज्या मुलीने बालपणी अन्नाचा कण न् कण धुतला जाताना पाहिला, तिला पुढे कोणाही माणसाच्या हातचे पाणी पिण्यापर्यंत जायचे होते, ही गोष्ट वाचकांनी पुढील मजकूर वाचताना लक्षात ठेवावी.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतच त्यांचे लग्न झाले. नवरदेव नारायण वामन टिळक, जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. बुद्धीने तल्लख, संस्कृतात प्रवीण, कविता करणारा, मनाचा उदार. पण संसारास मात्र अवघड. एका जागी पाय ठरत नसे. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा आणखी कोठे. एक नोकरी धरावी, दुसरी सोडावी. घरात उद्याच्या जेवणाची सोय नसता हाताशी असलेला पैसा दाराशी आलेल्याच्या हाती ठेवून मोकळे व्हावे. मध्येच कोणास न सांगता निघून जावे आणि मग केव्हातरी परत यावे. अशा नवऱ्यामागे मुली-बायकांनी कधी माहेरी, कधी आप्तांच्या आश्रयाने दिवस काढावेत, हा त्या काळचा रिवाजच होता. एक गोष्ट मात्र टिळकांच्या बाजूने लिहिली पाहिजे. बायकोस अक्षरओळख नव्हती. ती त्यांनी करून दिली. लक्ष्मीबाई शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. जोडाक्षरे लिहिणे त्यांना सदैव अवघड गेले. आणि अशा बाईच्या नावावर आज मराठीतले एक उत्कृष्ट गद्य उभे आहे!

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. त्याने टिळकांस नव्या कराराची एक प्रत दिली, आणि हा तरुण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती होईल असे भाकीत केले. त्या माणसाचे नाव टिळकांस पुढे कधीही कळले नाही. पुस्तक वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. जातिभेद नसलेला, प्रेमावर उभा असा एक नवा धर्म आपणच काढावा, असे त्यांच्या मनात घोळत होते. त्या प्रश्नांची उत्तरे त्यांना त्या पानांत सापडली. पुढे गुप्तपणे पत्रव्यवहार झाला, शंकासमाधान झाले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे आम्हांस आमचे मत स्पष्ट लिहिले पाहिजे. टिळकांच्या श्रद्धेविषयी आमच्या मनात शंका नाही. तिच्यासाठी त्यांनी जात, मान, आप्त, सर्व गमावले. परंतु ज्या स्त्रीचा हात धरला, तिला मनातले सर्व नीट उलगडून न सांगता त्यांनी हे पाऊल टाकले. तिला बातमी कळली ती मागाहून. आम्हांस हे दोषास्पद वाटते. देवाची हाक खरी असेल, तरी घरातल्या माणसाशी बोलण्याचे धैर्य मनुष्यानेच करावे लागते; ते काम देव त्याच्या वतीने करीत नाही. कदाचित सांगितले असते तर आप्तांनी त्यांना कोंडून ठेवले असते, अशी सबब कोणी पुढे करील, आणि तीत तथ्यही आहे. तरीही त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या बाईची बाजू त्यामुळे हलकी होत नाही.

तिची स्थिती कशी झाली ती पाहा. नवरा जिवंत आहे, परंतु जातीच्या दृष्टीने तो मेल्यातच जमा. ती सुवासिनी आहे, पण सुवासिनीचा संसार तिला नाही. पदरी दत्तू हा लहान मुलगा. दुःखाने तिचे भान सुटले; जीव द्यावा असेही मनात आले; नात्यातली माणसे तिच्यावर नजर ठेवून असत. पुढे तिला पंढरपुरास आप्तांकडे ठेवले. तेथे, चंद्रभागेच्या काठी, या निरक्षरप्राय बाईच्या तोंडून प्रथम कविता निघू लागल्या. विरहाच्याच कविता त्या. आम्हांस वाटते, ज्याने अक्षरे शिकविली त्याच्याच वियोगाने ती अक्षरे कामास लागावीत, हे तिचे तिलाही त्या वेळी उमगले नसेल.

असे जवळजवळ पाच वर्षे चालले. या पाच वर्षांत कायद्याने काय होऊ शकले असते, हे आमच्या वाचकांस सहसा ठाऊक नसते, म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगतो. १८६६ साली सरकारने धर्मांतरितांच्या विवाहासंबंधी एक कायदा केला होता. कोणी हिंदी पुरुष ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने त्याच्या बायकोने सहा महिने सलग त्याचा त्याग केला, तर तो न्यायालयात जाऊन तिने सोबत नांदावे म्हणून दावा करू शकत असे. ख्रिस्ती झालेल्या बायकोसही नवऱ्याविरुद्ध तीच मुभा होती. न्यायाधीश नकार देणाऱ्यास प्रश्न विचारी. नकार धर्मामुळेच आहे अशी खात्री झाली की एक वर्ष खटला तहकूब ठेवी, आणि वर्षानंतरही उत्तर तेच आले तर विवाह मोडल्याचा हुकूम देई. मग दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे. त्या काळी ख्रिस्ती झालेल्या कित्येक तरुणांच्या बायका त्यांच्या आईबापांनी अडवून ठेवल्या होत्या; त्यांच्यासाठीच हा कायदा निघाला होता. टिळकांनी न्यायालयाची पायरी चढली नाही. ते वाट पाहत राहिले. पत्रे लिहीत राहिले. ज्या माणसाचा पाय कोठेच ठरत नसे, तो या एका बाबतीत मात्र ढळला नाही! वर आम्ही त्यांना दोष दिला. येथे त्यांना मान दिलाच पाहिजे.

आमच्या ख्रिस्तसभेच्या नियमांतही याच्याशी जुळणारी एक तरतूद आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तिचे मूळ सापडते, म्हणून तिला पौलाचे नाव आहे. लग्नाच्या वेळी दोघेही स्नानसंस्कार न झालेले असतील, पुढे एकाने तो घेतला, आणि दुसरा निघून गेला, तर श्रद्धावंतास नवा विवाह करता येतो. मात्र त्याआधी त्या दुसऱ्यास विचारले पाहिजे, की तुला स्नानसंस्कार हवा आहे काय, किंवा निदान देवाची निंदा न करता शांतपणे सोबत राहण्यास तू तयार आहेस काय. १९८३ च्या धर्मसंहितेत कलम ११४३ पासून हे नियम दिले आहेत. पण लोक एक गोष्ट विसरतात. संत पौल त्याच अध्यायात आधी सांगतो ते हे, की श्रद्धा नसलेली बायको नांदण्यास राजी असेल तर नवऱ्याने तिला टाकू नये. वियोगाची परवानगी मागाहून येते. आमच्याकडे अशी प्रकरणे येतात तेव्हा पुष्कळदा दोन्हीकडचे नातेवाईक पहिल्या दिवशीच मागची परवानगी हाती घेऊन बसलेले असतात. पुढचे वाक्य कोणी वाचलेले नसते.

लक्ष्मीबाई अखेर नगरास आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हेत. त्या आल्या नवऱ्याकडे. धर्म आपला आपल्यापाशी, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, अशा कराराने त्या राहू लागल्या. नगर म्हणजे अमेरिकन मिशनचे मोठे ठाणे, तेथे डॉ. ह्यूम यांच्यासारखे मिशनरी टिळकांचे मित्र होते, आणि टिळक तेथील धर्मविद्यालयात शिकवीत. भोवती सगळी ख्रिस्ती वस्ती. त्यांपैकी बहुतेक कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य मानलेल्या जातींतली. जिच्या बापाने मीठ धुतले, ती बाई या वस्तीत आपली घागर सांभाळून चालत होती. टिळकांनी तिला ओढले नाही. मिशनऱ्यांनीही दामटले नाही. नवऱ्याचे व तिचे वाद मात्र भरपूर होत, आणि ते तिने असे रंगवून सांगितले आहेत, की वाचणाऱ्यास कोणाची बाजू घ्यावी हे कळेनासे होते. आमची स्वतःची बाजू बहुतेक वेळा बाईंचीच!

मग राहुरी येथे असताना त्यांच्या मनाने एक गाठ सोडविली. जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. देवाने केला असता तर बैल आणि घोडा यांच्या शरीरांत भेद आहे तसा ब्राह्मण व महार यांच्या शरीरांतही त्याने ठेवला असता. तो तर कोठे दिसत नाही. जन्म सारखा, मरण सारखे, भूक सारखी. म्हणजे हे काम माणसाचेच. एकदा हे ठरल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांची हरकत उरली नाही. कोणा पंडिताशी वाद करून हे ठरले नव्हते. घरकाम करता करता एका बाईने आपल्याशीच केलेला हा विचार होता. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या नंतर पाच वर्षांनी.

ही पाच वर्षे वाया गेली असे म्हणणारे लोक असतात. अमक्याने धर्म स्वीकारला, त्याच दिवशी त्याच्या बायकामुलांनाही रांगेत उभे केले, म्हणजे काम पुरे झाले, अशी एक समजूत असते. जुन्या काळी कित्येक ठिकाणी तसे घडलेही. त्याचा परिणाम असा, की पुढच्या पिढीत बाई देवळात येते, पण घरात नवस चालूच राहतात. आणि धर्मगुरूने विचारले तर ती खाली पाहते. लक्ष्मीबाईंना कोणापुढे खाली पाहण्याची वेळ आली नाही. त्यांचा विश्वास नवऱ्याकडून मिळालेला नव्हता, म्हणून नवरा गेल्यावरही तो जागच्या जागी राहिला.

त्याच सुमारास दुष्काळ पडला. १८९९-१९०० चा तो दुष्काळ. गुजरातेत संवत १९५६ वरून त्यास छप्पनिया म्हणतात, आणि आमच्या सुरतेकडच्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आजी-आजोबांकडून त्याच्या कथा ऐकलेल्या आहेत. दख्खनेत त्याचे रूप तितकेच भयानक होते. आईबापांवेगळी झालेली मुले रस्त्यावर हिंडत. टिळकांच्या घरात अशा पोरक्या मुलांचा मेळावाच जमला. आणणारे बहुधा टिळक. त्यांना भरविणारे, न्हाऊ घालणारे, उवा काढणारे हात लक्ष्मीबाईंचे. कोणती जात, कोणते गाव, कोण विचारणार? मुलास एवढेच ठाऊक, की येथे भाकरी मिळते. उदार पुरुषाच्या घरात औदार्याचा हिशेब कोणास चुकवावा लागतो, हे आमच्या वाचक भगिनींस वेगळे सांगावयास नको. धरणगावचे ठोमरे काही वर्षांनी या घरात आले, तेव्हा परक्या लेकरांस सामावून घेण्याची लक्ष्मीबाईंना चांगलीच सवय झालेली होती.

बालकवींचा शेवट दुःखद झाला. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनाच्या हद्दीत आगगाडीखाली सापडून ते गेले. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या आठवणींत त्यांचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात थोर कवी क्वचितच दिसतो. दिसते ते एक हळवे, तापट, भित्रे, लाडके पोर. आईच तसे लिहू शकते.

त्या अवधीत टिळक १९०४ साली दीक्षित पाळक झाले होते, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन करीत होते, आणि त्यांची भजने गावोगावच्या मंडळ्यांत टाळ-मृदंगावर गाइली जात होती. १९१७ साली मात्र त्यांनी मिशनचे काम व वेतन सोडले, संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूचे शिष्य असावेत अशी त्यांची कल्पना होती. लक्ष्मीबाईंस पुन्हा एकदा बांधाबांध करावी लागली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. बालकवींच्या मृत्यूस तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

यापुढे लक्ष्मीबाई जवळजवळ सतरा वर्षे जगल्या, आणि ज्या कामांमुळे त्यांचे नाव राहिले ती या सतरा वर्षांतली आहेत. टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ नावाचे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभिले होते. अकरा अध्याय झाले, आणि ते राहून गेले. जोडाक्षरांस अडणाऱ्या त्यांच्या बायकोने ते पुढे चालविले. किती? चौसष्ट अध्याय! शेवटचा शहात्तरावा अध्याय मुलगा देवदत्त याने लिहिला, आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका ग्रंथात बाप, आई व मुलगा असे तिघांचे हात लागल्याचे दुसरे उदाहरण मराठीत आम्हांस आठवत नाही.

कॅथॉलिक वाचकांस येथे फादर स्टीफन्स यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. येशूसंघाचे हे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे. पुढे ते मराठी वाचकांच्या दृष्टीआड गेले, आणि देवनागरीत सबंध छापले गेले ते १९५६ साली. परदेशातून आलेल्या कॅथॉलिक धर्मगुरूने ओवी हाती घेतली. तीनशे वर्षांनी नाशिककडच्या एका ब्राह्मण घरातून आलेल्या प्रॉटेस्टंट विधवेनेही तीच हाती घेतली. दळता-कांडता बायकांच्या तोंडी असते ती ओवी. फादर स्टीफन्स यांना ती शिकावी लागली होती; लक्ष्मीबाईंना ती जात्यावरच मिळाली होती. दोन्ही ग्रंथ एका फळीवर ठेवण्यास कोणाची हरकत असू नये.

‘ख्रिस्तायना’पेक्षा त्यांचे नाव अधिक झाले ते ‘स्मृतिचित्रे’मुळे. देवदत्ताने वडिलांचे चरित्र लिहावयाचे म्हणून आईस आठवणी विचाराव्यात, आणि आईने त्या सांगाव्यात, यातून हे पुस्तक वाढत गेले. १९३४ ते १९३६ या काळात ते भागाभागांनी निघाले. त्यात उपदेश नाही. आपल्या धर्मांतराचे भांडवल नाही. नवऱ्याचे गुण जसे सांगितले तसे त्याचे विक्षिप्तपण सांगितले, आणि आपला हट्टीपणा तर सर्वांआधी. मराठीत धर्मांतरितांनी लिहिलेली पुष्कळ पुस्तके आम्ही वाचली आहेत. त्यांत बहुधा पूर्वीचे सारे काळे आणि नंतरचे सारे पांढरे असते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात सोवळा बाप हास्यास्पद आहे, पण त्याच्यावर दात ओठ खाल्लेले नाहीत. आणि ख्रिस्ती मंडळीतली भांडणेही झाकलेली नाहीत. म्हणूनच हिंदू घरांत ते ख्रिस्ती घरांइतक्याच आवडीने वाचले गेले.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचा अंत झाला. जलालपुरापासून ते गाव काही कोसांवरच. वय सदुसष्ट. त्यांच्या कवितांचा ‘भरली घागर’ हा संग्रह १९५१ साली निघाला. देवदत्त नारायण टिळक १९६५ पर्यंत होते; त्यांनीही लेखणी व ‘ज्ञानोदय’ चालविले. त्यांचे चिरंजीव अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या पुस्तकाची टीपांसह नवी आवृत्ती सिद्ध केली. इंग्रजीत त्याचे भाषांतर जोसेफिन इंक्स्टर यांनी १९५० साली केले, आणि शांता गोखले यांनी २०१७ साली पुन्हा नव्याने केले.

मूळ पुस्तक मराठीत आजही सहज मिळते. सायंकाळी जपमाळ झाल्यावर घरातल्या कोणी वाचता येणाऱ्याने दोन-चार पाने मोठ्याने वाचावीत, अशी आमची सूचना आहे. जाडजूड आहे म्हणून भिऊ नये. बोलल्यासारखेच ते लिहिलेले आहे. पहिल्यानेच पाच वर्षांच्या वियोगाचा भाग काढू नये; लहान मुले कंटाळतील आणि मोठ्यांच्या घशाशी येईल. आधी त्या मीठ धुण्याच्या दिवसांपासून सुरुवात करावी.